दुसरं काम

मराठी विभागाच्या संपादिकेने “तुझ्या त्या फ्रीलान्सिंगवर चार पानं लिही ना” असं म्हटलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, ही नक्की माझ्याशीच बोलतेय ना? कारण माझं मराठी म्हणजे... असो!

केजीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. वर्गात मराठी बोललं की मॉनिटर वहीत नाव लिहायची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी आजही अडखळते. आणि गंमत म्हणजे माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेली बावीस वर्षं ती सांगली जिल्ह्यातल्या पोरांना काना-मात्रा-वेलांटी शिकवतेय आणि तिची स्वतःची पोरगी ‘पाणी’तला ण कुठला ते विचारते! तेव्हा मंडळी, या लेखात शुद्धलेखन बरं दिसलं तर श्रेय आईचं. चुका दिसल्या तर त्या मी तिला न दाखवता घातलेल्या.

तर विषय असा. हॉस्टेलमध्ये मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, “किती कमावतेस गं?” दुसरा, “काम मिळतं कसं?” पहिल्याचं उत्तर मी देत नाही. (दिलं तर पार्टी मागता.) पण दुसरा प्रश्न खरा आहे, कारण तो मलाही वर्षभर पडला होता.

आधी मी काय करते ते सांगते, कारण माझ्या मामांना अजून वाटतं की मी ‘ऑनलाइन ट्यूशन’ घेते. एखाद्या कंपनीत नवीन माणूस लागला की त्याला कॉम्प्युटरसमोर बसवतात. स्क्रीनवर माहिती येते, मागून आवाज येतो, ‘पुढे’ दाबत जायचं, मध्येमध्ये प्रश्न, शेवटी मार्क आणि सर्टिफिकेट. याला म्हणतात ई-लर्निंग मॉड्यूल. त्यात काय असावं ते लिहितो इन्स्ट्रक्शनल डिझायनर. तो देतो ती स्टोरीबोर्ड. त्या स्टोरीबोर्डवरून प्रत्यक्ष चालणारं मॉड्यूल बांधतो तो डेव्हलपर. म्हणजे मी. (छोट्या कामात दोन्ही मीच. पैसे मात्र एकाचेच.)

हे मॉड्यूल कंपनीच्या एलएमएसवर चढवायचं असतं. कोणी कोर्स पूर्ण केला, किती मार्क पडले, याची नोंद तिथे राहते. मॉड्यूल आणि एलएमएस यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं हे ठरवणारी एक पद्धत आहे, तिचं नाव स्कॉर्म. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकारातून ती आली. तिची १.२ ही आवृत्ती २००१ सालची आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी! पण आजही कितीतरी कंपन्या “स्कॉर्म वन पॉइंट टू द्या” असंच सांगतात. आपल्याकडे सिलॅबस जुना म्हणून आपण ओरडतो, पण बाहेरही फार वेगळं नाही बरं का.

या क्षेत्रात मी आले ते अगदी चुकून. सेकंड इयरच्या सुरुवातीला, ऑगस्ट २०२४ मध्ये, एका सीनियर ताईने सांगितलं की ती सुट्टीत जुने कोर्स ‘कन्व्हर्ट’ करायची. पूर्वी हे कोर्स फ्लॅशमध्ये बनायचे. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि ज्यांनी कोर्स आधीच बदलून घेतले नव्हते त्यांचे कोर्स उघडेनासे झाले. ते सगळे एचटीएमएल-फाइव्हमध्ये नव्याने बांधायला माणसं लागली. ताई म्हणाली, “आता तेवढं काम नाही उरलं, पण शिकून ठेव.” मी शिकले. या धंद्यातलं नावाजलेलं सॉफ्टवेअर म्हणजे आर्टिक्युलेट स्टोरीलाइन. त्याची ट्रायल ३० दिवस फुकट मिळते, पुढे मात्र लायसन्स वर्षाला हजार डॉलरच्या वर. माझ्या वर्षभराच्या मेसचे पैसे त्यात गेले असते. म्हणून ट्रायल संपल्यावर मी एचफाइव्हपी या फुकटच्या ओपन सोर्स साधनाकडे वळले, आणि बाकीचं साध्या जावास्क्रिप्टमध्ये हाताने लिहायला लागले.

मग सुरू झाली क्लायंटची शोधाशोध!

मोठ्या फ्रीलान्सिंग साइट्सवर प्रोफाइल बनवले. फोटो काढायला रूममेटचा ब्लेझर घातला. “आय अ‍ॅम अ पॅशनेट ई-लर्निंग डेव्हलपर” वगैरे लिहिलं. इंग्रजी तर आपलं फर्स्ट क्लास! दोन महिन्यांत ४२ प्रपोजल्स पाठवली. उत्तरं आली तीन. त्यातल्या दोघांनी काम देण्याआधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली. (लक्षात ठेवा, काम देण्यासाठी जो आपल्याकडूनच पैसे मागतो तो क्लायंट नव्हे.) आज ती प्रपोजल्स काढून वाचली की हसू येतं. प्रत्येकाची सुरुवात ‘मी’ने. मला हे येतं, मला ते येतं. समोरच्याचं काय अडलंय याचा एका ओळीत उल्लेख नाही. आणि दाखवायला एकही नमुना नाही. नुसता ब्लेझर.

तिसरं उत्तर मात्र खरं निघालं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. एक कोचिंगवाले होते. त्यांना फिजिक्सचं मॉड्यूल हवं होतं. “आधी एक सॅम्पल करून दाखवा, आवडलं तर वर्षभराचं काम तुमचंच.” वर्षभराचं! मी लगेच आकडेमोड करून नवीन लॅपटॉपसुद्धा निवडून ठेवला. सॅम्पल म्हणता म्हणता बारा स्क्रीन झाल्या. मग “जरा अ‍ॅनिमेशन टाका”, मग “क्विझ टाका”, मग “सोर्स फाइल पाठवा, आमच्या सरांना बघायचीय.” ती फाइल मी पाठवली त्या रात्री एम-थ्रीच्या पेपरला तीन दिवस उरले होते.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. मेसेजवर एक टिक, ती कधी दोन झालीच नाही. पोपट झाला होता, मंडळी! आणि जानेवारीत निकाल लागला तेव्हा दुसरा पोपट. एम-थ्री बॅक. आयुष्यात पहिल्यांदा नापास. तेही लॅप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये, जे मला येत होतं.

घरी फोन केला. आई ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मला एवढंच सांग. तू काम करत होतीस, की कुणीतरी तुझ्याकडून काम करवून घेत होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. रीडिंग रूमच्या मागच्या जिन्यात बसून मी बराच वेळ रडले. (वॉचमन काकांनी पाहिलं होतं, पण कुणाला सांगितलं नाही. थँक यू, काका.)

शेवटी आईशी तह झाला. एम-थ्री मेमध्ये निघाला नाही तर लॅपटॉप सांगलीला. तोपर्यंत कामाला दिवसाला दोन तास, त्यावर एक मिनिट नाही. आणि कुणाचंही काम अर्धे पैसे हातात आल्याशिवाय सुरू करायचं नाही. हा शेवटचा नियम आईचा. जिने आयुष्यात कधी धंदा केला नाही तिला हे कळलं आणि मला नाही!

प्रपोजल्स पाठवणं मी बंद केलं. ठरवलं की आधी दाखवण्यासारखं काहीतरी एक बनवायचं. विषय? जो समोर होता तो. त्या आठवड्यात आपल्या मेसमध्ये गॅसचा वास आला होता आणि सगळ्यांना अर्धवट जेवणावरून उठवलं होतं, आठवतंय? मी पाच मिनिटांचा कोर्स केला : ‘गॅस गळतोय, आता काय?’ चित्रातला माणूस स्वयंपाकघरात येतो, वास येतो, तुम्ही ठरवायचं. लाइट लावणार की नाही? (नाही! चालू असलेला दिवा बंदही करायचा नाही, कारण बटणाची ठिणगी पुरते.) रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १९०६ या नंबरावर फोन करायचा. हा गॅसगळतीसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होता, प्रामाणिकपणे सांगा!

कोर्स अर्थातच इंग्रजीत. एका दुपारी मेसवाल्या काकांना मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोन स्क्रीन पाहिल्या, मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “भारी आहे ताई. पण हे आमच्यासाठी आहे का तुमच्यासाठी?”

हा प्रश्न ४२ प्रपोजल्समध्ये मला एकदाही पडला नव्हता.

त्या रात्री सगळा कोर्स ऑनलाइन भाषांतरात घातला आणि दुसऱ्या दिवशी मराठी आवृत्ती घेऊन काकांसमोर हजर! त्यांनी छान वाचलं, पर्याय निवडला आणि थांबले. पुढे जाईनात. बटणावर लिहिलं होतं ‘सादर करा’. काका म्हणाले, “काय सादर करू? गाणं?”

‘सबमिट’चं भाषांतर हो! फॉर्मवर हाच शब्द असतो, पण पोळ्या लाटता लाटता मोबाइल बघणाऱ्या माणसाला त्याचा काय अर्थ लागणार? मी सगळा मजकूर आईला पाठवला. आईने प्रिंट काढून लाल पेनाने तपासला आणि फोटो पाठवले. माझ्या मराठीचा असा रक्तपात मी कधी पाहिला नव्हता! ‘सादर करा’ खोडून तिने लिहिलं होतं, ‘उत्तर द्या’. दोन साधे शब्द. तेही मला सुचले नाहीत.

हा कोर्स काकांनी त्यांच्या मेसमधल्या पोरांना पाठवला. आपल्या मेसच्या कॉन्ट्रॅक्टरकडे चाकणच्या एका कारखान्याचंही कँटीन आहे. त्याच्याकडून तो तिथल्या सेफ्टी ऑफिसरपर्यंत पोहोचला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मला फोन आला, “मॅडम, ते गॅसचं तुम्हीच केलंय का?” मला मॅडम म्हणणारा हा पहिला माणूस!

त्यांना ‘लॉकआउट-टॅगआउट’वर मॉड्यूल हवं होतं, मराठीत. मशीन साफ किंवा दुरुस्त करण्याआधी मेन सप्लाय बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, नावाची पट्टी अडकवायची आणि मशीन खरंच बंद आहे का ते सुरू करून बघायचं. का? तर तुमचा हात आत असताना दुसऱ्या कुणी बटण दाबू नये म्हणून. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, त्या आठवड्यात कारखान्यांत सेफ्टीचे कार्यक्रम होतात. त्याआधी हवं होतं. आठ हजार ठरले. मी घसा कोरडा पडलेला असताना म्हटलं, “सर, चार हजार अ‍ॅडव्हान्स लागतील.” ते “बरं” म्हणाले. एवढंच! मी उगाच दोन रात्री झोपले नव्हते.

मजकूर म्हणून त्यांनी जुन्या मराठी मॅन्युअलची फाइल पाठवली. ती कॉपी-पेस्ट केली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस! मला वाटलं फाइल खराब आहे. आईने फोटो बघून लगेच सांगितलं, “अगं, हा जुना फॉन्ट आहे. आम्ही प्रश्नपत्रिका याच्यातच टाइप करायचो.” युनिकोड सगळीकडे रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, दिसायला फक्त मराठी. तो फॉन्ट नसला की सगळं उघडं पडतं. मग आईने शनिवार-रविवारी बसून चौदा पानं युनिकोडमध्ये टाइप करून दिली. (तिचं बिल अजून थकलेलं आहे.)

आवाजासाठी आधी एआयचा मराठी आवाज वापरून पाहिला. तो बातम्या देत असल्यासारखा वाटायचा. शेवटी माझी रूममेट, साताऱ्याची, खणखणीत बोलणारी, तिला पलंगावर तीन ब्लँकेटांच्या तंबूत बसवून मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. रात्री साडेदहाला “हात आत घालू नका!” असं चौथ्यांदा ओरडल्यावर रेक्टर मॅडम आल्या. त्यांना काय सांगावं ते आम्हा दोघींना सुचेना.

२८ फेब्रुवारीला मॉड्यूल दिलं. ४ मार्चला ते सुरू झालं. मी हवेत!

५ तारखेला, खरं तर कौतुक ऐकायलाच, भोसरीहून बस पकडून चाकणला गेले. ट्रेनिंग रूममध्ये चार कॉम्प्युटर होते. सेफ्टी ऑफिसर सर यादी बघत वैतागले होते. “मॅडम, ३१ जणांनी केलं, त्यातल्या २२ जणांचं ‘अपूर्ण’ दाखवतंय. ही माणसं लक्षच देत नाहीत.” कोपऱ्यात एक मामा उभे होते, माझ्या बाबांच्या वयाचे. सुपरवायझर त्यांना सगळ्यांसमोर बोलत होता, “झोपला होतात काय? अर्धवट सोडून उठलात. बसा परत.” मामा म्हणाले, “पूर्ण केलंय साहेब.” “मग इथे खोटं दाखवतंय का?”

मामा परत बसले. मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांनी एकेक स्क्रीन ओठ हलवत नीट वाचला. दहापैकी नऊ बरोबर. मार्क दिसले, ते हसले आणि त्यांनी वरच्या कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून खिडकी बंद केली.

माझ्या पोटात गोळा आला. कारण मला कळलं. ‘पूर्ण’ ही नोंद एलएमएसला पाठवायचं काम मी शेवटच्या ‘बाहेर पडा’ बटणावर ठेवलं होतं. मी स्वतः तपासताना दर वेळी ते बटण दाबत होते, कारण ते तिथे आहे हे मला ठाऊक होतं. पण मार्क मिळाल्यावर कुठला माणूस अजून एक बटण शोधत बसेल? त्या २२ जणांनी सगळं नीट केलं होतं. खोटं माझं मॉड्यूलच दाखवत होतं.

खरं सांगते, त्या क्षणी मनात आलं होतं की गप्प बसावं. हॉस्टेलवर जाऊन गुपचूप दुरुस्त करावं, “सर, नवीन व्हर्जन टाका” म्हणावं. चार हजार यायचे बाकी होते. सरांना स्कॉर्ममधलं काही कळणार नव्हतं. सगळ्यांनी मामांनाच दोष दिला असता आणि गोष्ट संपली असती. आणि मग ते कोचिंगवाले आठवले. मी केलेल्या कामावर तेही असेच कुठेतरी गप्प बसले होते.

मी म्हटलं, “सर, यांची चूक नाहीये. माझी आहे.” आणि त्या सुपरवायझरलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, कारण बोलणंही तेवढ्याच मोठ्याने झालं होतं.

खोलीत एकदम शांतता. सर काही बोलले नाहीत. मी तिथेच लॅपटॉप उघडला. शेवटच्या प्रश्नानंतर मार्क दिसायच्या आतच नोंद पाठवायची आणि लगेच ‘कमिट’ करायचं, म्हणजे नंतर खिडकी कशीही बंद केली तरी नोंद पक्की. सातच ओळींचा बदल. तासाभरात नवीन फाइल चढवली. मामांनी तिसऱ्यांदा सोडवली (दहापैकी दहा!), फुलीवर दाबलं आणि यादीत ‘पूर्ण’ आलं. बाकीच्या २१ जणांची नावं सरांनी हाताने पूर्ण करून घेतली. निघताना मामा म्हणाले, “चांगलं केलंयस पोरी. फक्त ते ‘यंत्र’ नको लिहूस. आम्ही मशीनच म्हणतो.”

‘यंत्र’ हा शब्द आईचा होता! रात्री तिला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, “खोड मग. माझंही तपासायला कुणीतरी हवंच की.”

चूक कबूल केली आणि लगेच कामांचा पाऊस पडला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सर फक्त “बघू” म्हणाले. त्यानंतर सहा आठवडे काहीच नाही. उरलेले चार हजार यायला ४५ दिवस लागले. मध्येच अकाउंट्समधून फोन, “पॅन कार्ड, कॅन्सल्ड चेक, इनव्हॉइस आणि जीएसटी नंबर पाठवा.” माझी वाट लागली! मग सीनियर ताईने सांगितलं की सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. तसं एका ओळीचं पत्र दिलं, भागलं. बसल्याबसल्या हिशेबही केला. आठ हजारांसाठी मी ६२ तास घातले होते. म्हणजे तासाला १२९ रुपये. त्यात आईचं टायपिंग धरलेलं नाही.

त्या सहा आठवड्यांत मी एम-थ्री केला आणि एक गोष्ट शिकले. दर पंधरा दिवसांनी सरांना “काही काम आहे का?” असं विचारायचा मोह होत होता. त्याऐवजी एकदाच फोन केला आणि विचारलं, “सर, मॉड्यूलमधल्या कुठल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जण चुकतायत?” ते म्हणाले, बघून सांगतो. सांगितलं तेव्हा कळलं की बरेच जण ‘किल्ली सुपरवायझरकडे द्यावी’ हा पर्याय निवडत होते. प्रश्नच गोंधळाचा होता. तो बदलून दिला, पैसे न घेता.

मेच्या शेवटी पेपर संपले आणि त्यांचा फोन आला. पावसाळ्याआधी कॉन्ट्रॅक्टवरची नवी बॅच येणार होती. फोर्कलिफ्टवर एक मॉड्यूल, उंचीवरच्या कामावर एक आणि मग दर महिन्याला छोटं काहीतरी. या वेळी मी तास मोजून बारा हजार सांगितले. ते म्हणाले, “दहा करा.” झाले अकरा. त्यांच्यामार्फतच पुण्यातल्या एका ट्रेनिंग एजन्सीचं काम आलं. लायसन्स त्यांचं, बांधायचं मी. एकाच विहिरीवर शेत ठेवू नये म्हणून ते घेतलं. आज माझ्याकडे क्लायंट फक्त दोनच आहेत. पण दोघेही परत येतात.

आणि जुलैमध्ये एम-थ्री निघाला! ५८ मार्क. लॅपटॉप वाचला.

तर मैत्रिणींनो आणि मित्रांनो, “काम मिळतं कसं?” याचं माझ्यापुरतं उत्तर असं. पहिलं काम कसंही मिळतं. ओळखीने, नशिबाने, गॅसच्या वासाने. त्याचं फार कौतुक नको. महत्त्वाचं असतं ते दुसरं काम, त्याच माणसाने स्वतःहून दिलेलं. त्यासाठी आपलं काम जो वापरतो त्याच्या मागे जाऊन एकदा उभं राहावं लागतं. त्याच्या शब्दांत लिहावं लागतं, कॉन्व्हेंटच्याही नाही आणि आईच्याही नाही. अर्धे पैसे आधी घ्यायचे, सोर्स फाइल पूर्ण पैसे आल्यावर द्यायची, आणि चूक आपली असेल तर दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायची नाही. पेपरच्या आधीच्या आठवड्यात क्लायंटला सरळ सांगायचं, “सर, परीक्षा आहे.” आजवर मला कुणीही त्यावरून काम नाकारलेलं नाही.

“पण हे सगळं आता एआय करेल ना?” असं परवाच एका ज्युनियरने विचारलं. करेल की! स्टोरीबोर्डचा पहिला खर्डा मीही त्याच्याकडूनच घेते. पण मामांनी फुलीवर दाबलं, ते बघायला चाकणची बस कोण पकडणार?

परवा मेसमध्ये एक नवीन पोरगा आलाय, सोलापूरकडचा. काका त्याला मोबाइलवर गॅसचा कोर्स दाखवत होते. त्याने पर्याय निवडला आणि माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, “ताईकडे काय बघतोस? खाली लिहिलंय ना, उत्तर दे!”